दगडोबाच्या माशांची खूण

मासा धरायचा, दोन्ही हातांत घेऊन नीट बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असला उद्योग करणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच. दगडोबा. जळकोटहून अणदूरकडं जाताना डाव्या हाताला शेरीचं तळं लागतं. त्या तळ्याच्या पाळंवर तीसेक शेळ्या चरताना दिसल्या आणि त्यांच्या पलीकडं एक उंच, पाठीत जरासा वाकलेला माणूस लांब काठी हवेत फिरवताना दिसला, तर तो दगडोबा समजावा.

"पोरगी बघायची, पसंत करायची, मांडव घालायचा आन नवरी मांडवातनंच म्हागारी धाडायची, तसलं काम हाय ह्याचं," असं गावातली माणसं म्हणायची. दगडोबा ऐकून घ्यायचा.  त्याचं लक्ष पाण्यावर असायचं.

त्याची धरायची तऱ्हाही वेगळी. बाकीची माणसं गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात, गळ पाण्यात सोडतात आणि तंबाखू मळत बसतात. दगडोबाचा गळ पाण्यात बुडतच नाही. सोलापूरहून आणलेल्या गळावर तो कोंबड्याच्या मानेचं तांबडं पीस बांधतो, वर बोकडाच्या दाढीचे चार केस, आणि घोंगडीच्या लोकरीचा दोरा काढून त्याचे सात-आठ वेढे. वरून मेणाचं बोट फिरवायचं म्हणजे पाणी धरत नाही. असं ते पिसाचं पाखरू तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या, टोकाला बांधायचं आणि अकरा फुटी वेळूच्या काठीनं डोक्यावरून फेकायचं. लहानपणापासून गोफण फिरवलेला हात. पाखरू पाण्यावर असं उतरतं की पाण्यालाही कळत नाही. मग काठीचं टोक जरा हललं की पाखरू हलतं, थांबतं, पुन्हा हलतं. खालून बघणाऱ्या मरळीला वाटतं चतुर बसलाय, नाहीतर बेडकाचं पिल्लू पोहतंय. ती उसळी मारून येते.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पोरसवदा असताना पाळंवर शेळ्या राखत बसला होता. वरून बगळा गेला, त्याचं एक पीस गळून पाण्यावर पडलं. खालून मरळ आली, पीस तोंडात घेतलं आणि थुकून टाकलं. दगडोबा म्हणतो, "म्या म्हणलं, आगं, तू तर नुसत्या पिसाला फसतीस. मग उन्हाळ्यात गांडुळासाठी भुई कशाला उकरू म्या?"

पुढं लग्न झाल्यावरही तो मासे खायचा. चांगले चवीनं खायचा. विठाबाई, त्याची बायको, मरळीचं कालवण असं करायची की तीन घरं सोडून वास जायचा. मग एका पावसाळ्यात त्यानं एक थोरली मरळ धरली. तिच्याभोवती पाण्यात नारळाएवढा लाल गोळा हलत होता. तो काय हे त्याला माहीत होतं. मरळीची पिल्लं तशीच गोळा करून राहतात आणि आई-बाप त्यांच्या खालून राखण करत हिंडतात. दगडोबानं विचार केला नाही. राखणीची मरळ हाताला लवकर लागते, कारण ती पिल्लांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. धरली, घरी नेली, भाकरीबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेला तर लाल गोळा निम्मा झाला होता. पाणकावळे बुड्या मारत होते. तिसऱ्या दिवशी चिमूटभर राहिला. चौथ्या दिवशी तिथं नुसतं पाणी.

"रडलो-बिडलो न्हाय म्या," दगडोबा सांगतो. "खाटकाच्या दारात बकरी सोडणारा माणूस, मला कशाचं रडू येतंय? पर परत मरळीची चव म्हणून लागली न्हाय. तोंडात घातली की पाणकावळं दिसायचं."

खायचं सुटलं, धरायचं सुटलं नाही. कानशीनं घासून त्यानं गळाचा उलटा काटा काढून टाकला, म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही. आणि आणखी एक केलं. त्याच्या शेळ्यांच्या डाव्या कानाचा खालचा कोपरा कातरलेला असतो. ती दगडोबाची खूण. शेळी कुठल्याही कळपात मिसळू दे, जळकोटच्या बाजारात जाऊ दे, कान बघितला की माणूस म्हणतो, ही दगडोबाची. तीच कात्री घेऊन त्यानं मरळीच्या शेपटीचा खालचा कोपरा कातरायला सुरुवात केली. धरलेल्या प्रत्येक मरळीच्या. नखाएवढा तुकडा.

"आवं, माशाला कुटं बाजारात घालायचंय?" विठाबाई म्हणाली.

"आपलं जनावर आपल्याला वळखू यायला नको व्हय?"

बावीस वर्षं हे चाललं. आणि दर वेळी धरलेली मरळ त्याला बिनखुणेची, नवीच मिळायची. एखाद्या वेळी शेपूट जरा आखूड वाटायची, तर तो म्हणायचा कासवानं तोडली असेल. बाकी खुशीत असायचा. घरी येऊन सांगायचा, "तळं भरलंय. एकदा धरलेली परत गावतच न्हाय, इतकी मरळ हाय."

तीन वर्षांपूर्वी तळ्यातल्या मासळीचा ठेका कल्याणप्पानं घेतला. मुरुमला त्याचं खताचं दुकान. स्वतः मासा शिवत नाही, घरात कांदासुद्धा बेतानं, पण धंदा म्हणून तळं घेतलं. पहिल्या वर्षी हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून कटल्याचं आणि रोहूचं बी आणून सोडलं. करंगळीच्या नखाएवढी पिल्लं. वर्षानं जाळं ओढलं तर मूठभर मासा. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी त्यानं जाळ्याची वाट बघितली नाही, सरळ ग्रामसभेत येऊन उभा राहिला.

मारुतीच्या पारावर सभा भरली होती. सरपंच अक्षदा. उमरग्याला शिकलेली, गावची सून, वय तिशीच्या आत. डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि शब्दही.

"सरपंचबाई," कल्याणप्पा म्हणाला, "तळं म्या घेतलंय का ह्या दगडोबातात्यांनी, तेवढं एकदा ठरवा. पिशव्या म्या आणायच्या, बी म्या सोडायचं, आन रोज काठी घेऊन मासा ह्यांनी काढायचा."

दगडोबा उठला. "म्या एक मासा घरी न्हेला आसंल तर दाखीव."

"मग रोज सकाळी पाण्याला वारा घालायला जाता व्हय, तात्या?"

सभा हसली. बायकांच्या घोळक्यातून विठाबाई उठली. "ये कल्याणप्पा! बावीस वरसं झाली, ह्या माणसानं घरात माशाचा काटा आणला न्हाय. आणत न्हाय म्हणून म्या भांडती, आन आणत्यात म्हणून तू भांडतोस! आधी आपलं दोघांचं काय ते ठरू दे, मग त्येनला बोल."

पुन्हा हशा. कल्याणप्पा मात्र हसला नाही. "मग अणदूरच्या खंडोबाचा भंडारा उचला तात्या. भंडाऱ्याला हात लावून सांगा, म्या मासा न्हेला न्हाय. म्या गप बसतो."

आमच्याकडं भंडारा उचलला की विषय मिटतो. सगळ्यांना वाटलं, दगडोबा उचलणार. त्यानं नकाराची मान हलवली.

"माशापायी देवाला कशाला वडू? देवाला लई कामं हायत. माशाची साक्ष मासाच दील." आणि मग त्यानं शेपटीच्या खुणेचं सांगितलं. "पंधरा दिसांनी तू जाळं वडणार हाईस ना? वड. त्यात मरळी निघतील. त्येंच्या शेपट्या बघा. माझ्या शेळ्यांच्या कानासारखी खूण आसंल. म्या धरून सोडलेल्याची."

 मग एकजण म्हणाला, "माशाचा कान टोचला न्हाय ना तात्या?" आणि सभा पुन्हा फुटली.

अक्षदानं हात वर केला. "तात्या, खूण निघाली न्हाय तर?"

"न्हाय निघाली तर पाळंवर पाय ठिवणार न्हाय. म्या बी न्हाय, माझ्या शेळ्या बी न्हाय."

विठाबाईनं कपाळाला हात लावला. चैत्र-वैशाखात शेरीच्या तळ्याशिवाय शेळ्यांना पाणी नाही. विहिरी तळाला जातात, ओढे फेब्रुवारीतच आटतात. पाळ सुटली म्हणजे कळप विकायचा आणि दगडोबानं दाराशी बसून माशा मारायच्या.

"आन खूण निघाली," अक्षदा कल्याणप्पाकडं वळून म्हणाली, "तर पाळंबद्दल तुम्ही पुन्हा तोंड उघडायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," कल्याणप्पा म्हणाला.

जाळ्याच्या दिवशी पाणी तिसऱ्या हिश्श्याला आलं होतं. बोरी नदीच्या काठचा बंडप्पा आपली चार माणसं घेऊन आला होता. साठीचा, हाडकुळा, पाण्यात जन्म गेलेला भोई. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून त्यांनी जाळं पसरलं आणि दोन्ही बाजूंनी ओढत आणलं. निम्मं गाव पाळंवर. पोरांनी मोबाइल धरलेले. दगडोबा काठी आडवी मांडीवर घेऊन दगडावर बसलेला, गळ्यात दोरीला कात्री, जणू साक्षीला तीही हजर पाहिजे.

पहिल्या ओढीला कटला-रोहू मिळून चाळीसेक. दुसऱ्या ओढीला त्याहून कमी, आणि एक मरळ. तीही वीतभर. बंडप्पानं तिची शेपूट पसरून दाखवली. गोल, अख्खी.

"ही औंदाची हाय," दगडोबा म्हणाला. "म्या एवढ्या बारक्याला हात लावत न्हाय."

"आन बाकीच्या?" कल्याणप्पा पाळंवरून ओरडला. "बघा, सरपंचबाई! तळ्यात मरळच न्हाय. सगळी ह्येंच्या पोटात गेली."

बंडप्पा जाळं पिळत म्हणाला, "तसं न्हाय री, सावकार. मरळ जाळ्यात यायची न्हाय. जाळ्याचं शिसं वाजलं की चिखलात डोकं खुपसून बसती. जाळं वरनं निघून जातंय. म्या चाळीस वरसं बगतोय, जाळ्यानं मरळ काढणं म्हंजे सुपानं पाणी भरणं."

"मग खूण कशी बघायची?" अक्षदानं विचारलं.

दगडोबा उठला. काठी उभी केली. "दिवस मावळायच्या आत काढून दावतो. ह्या पिसावर."

बंडप्पानं त्याच्याकडं बघितलं. दोघांनाही ठाऊक होतं. जाळं फिरलेल्या पाण्यात मरळ दोन-दोन दिवस तोंड उघडत नाही. पाणी गढूळ, मासा भेदरलेला. ह्याच्याइतकी वाईट वेळ नाही. पण दगडोबानं बोलून ठेवलं होतं, आणि दगडोबाचं बोलणं म्हणजे शेळीच्या कानाला लागलेली कात्री.

तो तळ्याच्या वरच्या अंगाला गेला. तिथं पाणकणसं दाट होती आणि दोन वाळक्या बाभळी पाण्यात उभ्या होत्या. घटकाभर नुसता उभा राहिला, गाळ बसू दिला. मग पहिलं पीस टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं. बाभळीच्या बुडाशी, कणसांच्या कडेला, पुन्हा बाभळीच्या बुडाशी. बारा वाजले. एक वाजला. ऊन डोक्यावर. पाण्यावर पाखरू चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं, आणि खालून कोणी येत नव्हतं. पोरांच्या मोबाइलची बॅटरी संपली, पोरं घरी गेली. कल्याणप्पा पाळंवरच्या लिंबाच्या सावलीत पथारी टाकून पडला. दगडोबाचा हात मात्र थांबला नाही. खांदा भरून आला तसा त्यानं हात बदलला. डाव्या हाताचं फेकणं वाकडं जायला लागलं, तर पुन्हा उजवा.

दोनच्या सुमाराला विठाबाई भाकरी-ठेचा घेऊन आली. "खावा दोन घास."

"ठिव तिथं."

तिनं दगडावर ठेवली. दगडोबानं वळून बघेपर्यंत बोकडानं फडक्यासकट भाकरी ओढली होती.

"खावा म्हणलं तवा खाल्ली न्हाय. आता खाल्ली ना तुमच्या लेकानं," विठाबाई म्हणाली. जायला निघाली. दहा पावलं गेली आणि परत आली. पदरानं डोळा पुसून पाण्याकडं बघत उभी राहिली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, पण उजवा घारीचा.

"तुमी तांबडं पीस टाकताय."

"मग?"

"पाणी चहासारखं झालंय. चहात तांबडं पीस दिसतंय व्हय खालनं? काळं बांधा."

 बावीस वर्षं ही बाई त्याच्या पिसांना नावं ठेवत आली होती, आणि बावीस वर्षं बघतही आली होती. त्यानं काळ्या शेळीच्या शेपटीचा झुबका कापला, दाताखाली दोरा धरून गळावर बांधला. जाडजूड, केसाळ, कुरूप. टाकला.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं.

काठी वाकली. मरळ कणसांत शिरायला बघत होती. दगडोबा मागं न सरता आडवा चालत गेला, शेळी वळवावी तशी तिला मोकळ्या पाण्याकडं वळवली आणि दमवून काठाला आणली. हातभर लांब. आवाज गेला तशी माणसं पळत आली. बंडप्पानं पाण्याचं घमेलं पुढं केलं. अक्षदा वाकली.

दगडोबानं स्वतः शेपूट पसरली. गोल. अख्खी. कुठं कापलेलं नाही.

कल्याणप्पा पथारीवरून उठून आला होता.  त्यानं नुसते हात जोडले.

"ही नवी आसंल," दगडोबा म्हणाला.  "एक नवी आसू शकती."

पुन्हा टाकलं. अर्ध्या तासात दुसरी लागली. पहिलीहून थोरली. शेपूट अख्खी.

"ही बी नवी?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. ह्या वेळी कोणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

दगडोबा खाली बसला.  गळ्यातली कात्री मुठीत धरून तो म्हणत राहिला, "म्या कापलंय. ह्या हातानं कापलंय. खोटं सांगू का म्या?"

"तात्या, बास करा आता," कल्याणप्पा म्हणाला. बोलणं मऊ होतं. "वय झालंय. सोडल्यासारखं वाटलं आसंल तुमाला."

हा शब्द लागला. चोर म्हटलेलं त्यानं सोसलं होतं. म्हातारा झालास, भास होतोय, हे त्याला सोसवेना. त्यानं अक्षदाकडं बघितलं. ती सूर्याकडं बघत होती.

"दिवस मावळायच्या आत, आसं ठरलं होतं," ती म्हणाली. "दिवस अजून दोन काठ्या वर हाय."

दगडोबा उठला. काळा झुबका पिळून घेतला आणि दुसऱ्या बाभळीकडं गेला, जिथं पाणी खोल होतं. फेकत राहिला. आता बघायला माणसंही थोडी उरली. फेक, ओढ, थांब. फेक, ओढ, थांब. तंगूस बोटाला कापत होतं, ते त्याला कळतही नव्हतं.

तिसरी मरळ उसळली नाही. नुसतं पाणी जड झालं, जणू गळ ओंडक्याला अडकला. मग ओंडका चालायला लागला. ही लढाई लांबली. तीनदा ती बाभळीच्या मुळ्यांत शिरली, तीनदा दगडोबानं काठी पाण्यात खुपसून तिला बाहेर काढली. शेवटी कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं. हातभराहून लांब, मांडीएवढी जाड.

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच थांबला. मरळीचा एक डोळा पांढरा होता. दुधाच्या थेंबासारखा.

"इठे," त्यानं पाण्यातूनच हाक मारली. "म्या तुला सांगितलं होतं का न्हाय, एका डोळ्याची मरळ गावली म्हणून?"

"व्हय," विठाबाई काठावरून म्हणाली. "दोन वरसाखाली. मला वाटलं माझ्या डोळ्यावरच काय तरी बोलताय. चार दिस बोलली न्हाय तुमच्याशी."

"तिची शेपूट कापली होती म्या. तीच ही." त्यानं शेपूट पसरली. गोल. अख्खी. "हीच ती. आन शेपूट..."

 काठावर माणसं वाट बघत होती. दगडोबाच्या डोक्यात शेळीचा कान होता. शेळीचा कान कातरला की कातरला. शेळी मरेपर्यंत तसाच. त्यानं कधी विचारच केला नव्हता की एखाद्या जनावराचं कापलेलं पुन्हा उगवत असेल. बावीस वर्षं त्यानं माशाला शेळी समजून कापलं होतं.

"वाढलंय," तो म्हणाला. "नखासारखं वाढून आलंय."

कल्याणप्पा म्हणाला, "आता हे नवीन."

दगडोबानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यानं मरळीची शेपूट मावळत्या उन्हासमोर धरली. पापुद्रा तांबूस झाला आणि त्यातले काटे छत्रीच्या काड्यांसारखे दिसले. सगळे सरळ. फक्त खालच्या कोपऱ्यात, एका सरळ रेषेवर, सगळे काटे एकदम वाकलेले. रेषेच्या आत जाड, रेषेच्या बाहेर बारीक आणि नागमोडी.

"बंडप्पा, हिकडं ये. हे बघ. मोडलेलं हाड जुळलं की गाठ राहती का न्हाय? शेळीच्या पायाला राहती तशी?"

बंडप्पा पाण्यात उतरला. डोळे बारीक करून बघितलं, बोट फिरवलं. मग वर जाऊन घमेल्यातल्या दोन्ही मरळी एकेक करून उन्हाला धरल्या. खालचा कोपरा. तीच रेष. मग सकाळी जाळ्यात आलेली वीतभर मरळ मागवली आणि तिची शेपूट धरली. काटे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"हौद्री," तो कानडीत म्हणाला आणि मग मराठीत, "व्हय. चावलेलं न्हाय हे. चावलेलं वाकडंतिकडं आसतंय. ही कात्री हाय. तिघींच्या एकाच जागी."

अक्षदानं स्वतः चारही शेपट्या बघितल्या. घाई केली नाही. शेवटी एक शेळी पकडून आणायला लावली आणि तिचा कान बघितला. डावा, खालचा कोपरा.

"खूण हाय," ती म्हणाली. "पाळ तात्यांची."

दगडोबाला आनंद व्हायला पाहिजे होता. पण तो कंबरभर पाण्यात उभा राहून दुसऱ्याच विचारात पडला होता. "म्हंजे बावीस वरसं म्या नवी-नवी म्हणून जी धरत होतो..."

"ती ह्याच तिघी!" विठाबाईनं वाक्य पुरं केलं. "तळं भरलंय म्हणं! तीन मरळीनं भरलंय!"

आता मात्र सगळी पाळ हसली. दगडोबाही हसला. हसला नाही तो कल्याणप्पा. त्याच्या डोक्यात उशिरा पण नेमकं काहीतरी शिरलं होतं.

"थांबा, थांबा. माझं नखाएवढं बी कोण खातंय? मरळ खाती. आन मरळ धरून परत कोण सोडतंय? हे सोडतायत! म्हंजे माझ्या घरात शिरलेला चोर धरायचा, त्येचा कान कातरायचा आन परत माझ्याच घरात ढकलायचा!"

"चोर न्हायत त्या," दगडोबा म्हणाला. "तुझ्या पिशव्या यायच्या आधीपास्नं हायत."

"सरपंचबाई!"

"ठरलं होतं ते चोरीचं," अक्षदा म्हणाली. "तात्यांनी मासा न्हेला का न्हाय, एवढंच. न्हेला न्हाय. पाळंबद्दल तुम्ही बोलायचं न्हाय." मग ती दगडोबाकडं वळली, आणि तिचा आवाज तोच राहिला. "पण तात्या, ठेका त्येंचा हाय. मासा बी त्येंचाच. ह्या तिन्ही त्येंच्या."

दगडोबाला हे माहीत होतं. सकाळी काठी उचलतानाच माहीत होतं. आपला शब्द खरा करायचा तर आपल्याच हातानं मरळी काढून दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या लागणार होत्या. पाळ पाहिजे होती. किंमत ही होती. तो गयावया करणाऱ्यातला नव्हता.

"ने," तो कल्याणप्पाला म्हणाला. हनुवटीनं काठावरचं घमेलं दाखवलं.

कल्याणप्पानं दोन्ही मरळी बंडप्पाच्या टोपल्यात टाकायला लावल्या. तिसरीही टाकायला सांगितली तर बंडप्पा म्हणाला, "ही राहू दे सावकार. एका डोळ्याची काणी मरळ बाजारात कोण घीत न्हाय. अपशकून म्हंतात. आन बी खातंय म्हंता, तर पुढल्या बारीला नखाएवढं टाकू नका. बोटाएवढं वाढवून टाका. मग मरळीच्या तोंडात मावत न्हाय."

कल्याणप्पानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू हे तीन वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं. बंडप्पानं खांदे उडवले. विचारलं कोणी होतं?

दगडोबानं काण्या मरळीला पाण्यात आडवं धरलं, कल्ल्यांतून पाणी जाऊ दिलं. सवयीनं त्याचा हात गळ्यातल्या कात्रीकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यानं कात्री सोडली, मग मरळ सोडली. ती घाईनं गेली नाही. दोन क्षण त्याच्या पायाशी थांबली आणि मग गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

कल्याणप्पानं त्या पावसाळ्यात बोटाएवढं बी आणून टाकलं. मुरुमला दुकानात बसून तो सांगतो की हा विचार त्याचाच. पाळंबद्दल मात्र बोलत नाही. सरपंचबाईंसमोर कबूल केलंय.

श्रावणात एका सकाळी दगडोबा पाळंवर गेला तर दुसऱ्या बाभळीपाशी लाल गोळा हलत होता. नारळाहून थोरला. खालून एक काळी पाठ फिरत होती, मध्येच पांढरा ठिपका चमकून जात होता. दगडोबानं काठी खाली ठेवली, तंगूस गुंडाळलं. पाणकावळ्यांची एक जोडी बाभळीवर येऊन बसली, तेव्हा गोफणीला खडा लावला. तिन्हीसांजेपर्यंत दर थोड्या वेळानं गोफण फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशीही. दीड महिना.

घरी आला की विठाबाई विचारायची, "आज किती धरल्या?"

"एक बी न्हाय."

"म्हंजे रोजच्याइतक्याच," ती म्हणायची आणि भाकरी पुढं सरकवायची.